लहान साल की मोठं साल? अमेरिकी प्रूफ सेंटबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो, चुकलं असेल तर सांगा. तुमचे काका १९६८ मध्ये शिकागोला गेले, तिथेच निवृत्त झाले. त्यांच्यामागे पाच अमेरिकी प्रूफ संच, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांचे संच, तुमच्याकडे रत्नागिरीला आले: १९६० चे दोन, १९७० चे दोन आणि १९७९ चा एक. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की १९६० आणि १९७० च्या एक सेंटच्या नाण्यांत ‘स्मॉल डेट’ आणि ‘लार्ज डेट’ असे दोन प्रकार असतात आणि स्मॉल डेटला जास्त पैसे मिळतात. मग तुम्ही पाकिटावरूनच पट्टी लावून अंकांची उंची मोजलीत, ती चारही नाण्यांवर सारखीच भरली. आता एक व्यापारी म्हणतात सगळी मोठ्या सालाची आहेत, दुसरे म्हणतात निदान दोन तरी लहान आहेत. यातलं खरं कोण?

पट्टीने हे मलाही सांगता येणार नाही. अख्खं नाणं १९.०५ मिलिमीटरचं, त्यावर लिंकनच्या छातीसमोर सालाचे चार अंक. दोन प्रकारांतला फरक केसाएवढा आहे आणि तुमची पट्टी पाकिटावरून लावलेली. ‘लहान’ आणि ‘मोठं’ ही नावं दोन्ही नाणी शेजारी ठेवली तर पटतात. एकटं नाणं हातात असेल तर ती नुसती गोंधळात टाकतात. मी सव्वीस वर्षं परदेशी नाणी घेतो-विकतो, आणि अजूनही एकट्या नाण्यावर आकाराकडे बघत नाही. अंक एकमेकांच्या शेजारी कसे उभे आहेत ते बघतो. वर्गाच्या फोटोत मुलगा उंच की बुटका हे आपण शेजारच्याच्या खांद्यावरूनच ठरवतो ना, तसं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. नाण्यावरचे अंक मी खाली शब्दांत लिहिणार आहे: एक, नऊ, सहा, शून्य. आकड्यांत लिहिले तर आपले देवनागरी सहा आणि नऊ डोळ्यापुढे येतात आणि शेपट्या नेमक्या उलट्या बाजूला जातात. हा गोंधळ मी एका ओळखीच्या संग्राहकाबरोबर फोनवर अर्धा तास घातलेला आहे.

आता १९६०. त्या वर्षी एकाच सालाचे दोन आकार का झाले ते कळलं की काय बघायचं ते आपोआप कळतं. वर्षाच्या सुरुवातीला जी डाय, म्हणजे नाणं पाडायचा पोलादी साचा, वापरात आली तिच्यावर साल लहान होतं, त्यामुळे शून्याच्या पोटातली जागा फार अरुंद होती. नाण्यावर अंक उठावाचे असतात, म्हणजे डायवर ते खोल कोरलेले असतात. डायवरचं शून्य म्हणजे एक गोल चर आणि त्याच्या मधोमध पोलादाचं एक इवलंसं बेट. नाणं पाडताना प्रत्येक ठोक्याला त्या बेटावर ताण येतो, आणि बेट बारीक असेल तर त्याचा तुकडा उडतो. तुकडा उडालेल्या जागी पुढच्या नाण्यांवर शून्याचं पोट भरलेलं दिसतं. म्हणून टांकसाळीने साल मोठं करून नवी डाय केली. लहान साल पहिलं, मोठं नंतरचं. बदल शून्यासाठी झाला, म्हणून ओळखायचं तेही शून्यावरूनच.

लहान सालात शून्याचं पोट लहान आणि गोलसर असतं. मोठ्या सालात ते उभट, अंड्यासारखं आणि मोकळं असतं. दहा पटींचं भिंग लावलंत की पहिली नजर इथे टाका. दुसरी खूण एक आणि नऊ यांच्या डोक्यांची. लहान सालात दोघांची डोकी एका पातळीवर येतात. मोठ्या सालात एकचं डोकं नऊच्या डोक्यापेक्षा खाली राहतं. तिसरी खूण सहाची शेपटी, मोठ्या सालात ती लांब असते. पण ही तिसरी मी फक्त पुष्टीसाठी बघतो, कारण शेपटी लांब की आखूड हे पुन्हा ‘मोठं की लहान’ सारखंच, तुलनेशिवाय कळत नाही.

डोक्यांची पातळी बघताना नाणं आधी नीट फिरवून घ्यावं लागतं. पाकिटात ते कसंही बसलेलं असतं. एक हा अंक तुमच्या नजरेला अगदी उभा येईल असं पाकीट फिरवा आणि मगच एकच्या डोक्यावरून आडवी रेघ कल्पा. नाणं दहा अंशांनी जरी कलतं असलं तरी एक खाली गेल्यासारखा किंवा वर आल्यासारखा वाटतो आणि लहानाचं मोठं होतं. मी फोटो काढून संगणकावर उघडतो, एक सरळ उभा करतो आणि पडद्यावर कागदाची कड लावतो. भारी उपकरणं लागत नाहीत.

हे झालं कुठल्याही १९६० च्या सेंटबद्दल. तुमची नाणी प्रूफ आहेत, आणि माझ्या मते तुमचे दोन व्यापारी तिथेच एकमेकांपासून दूर गेले. प्रूफ म्हणजे घासून चकचकीत केलेली चकती, घासून चकचकीत केलेली डाय, आणि एकाऐवजी किमान दोन ठोके. त्यामुळे नाण्याची सपाट जागा आरशासारखी होते. आरसा कौतुकाने बघायला छान, तपासायला मात्र वैताग. अंक आरशातून वर उठलेला असतो आणि त्याचं प्रतिबिंब त्याच्या पायाशीच पडतं. नाणं जरा तिरकं धरलंत की अंक आणि प्रतिबिंब मिळून एकच जाडजूड, उंच अंक दिसतो. लहान सालाचं नाणं तिरकं बघून मोठं ठरवलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. उलटंही होतं: दिवा एका बाजूने असला तर अंकाची एक कड काळ्या आरशात विरघळते आणि मोठा अंक बारीक वाटतो.

यावर माझा उपाय साधा आहे. नाण्याकडे बरोबर वरून बघायचं. थेट दिवा नको, खिडकीतला ढगाळ उजेड किंवा दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर. रत्नागिरीच्या पावसाळ्यात ढगाळ उजेडाची काही कमतरता नाही. भिंगाच्या आणि डोळ्याच्या मधून येणारी चमक मारायला काळ्या कागदाचा तुकडा आडवा धरा. फोनने फोटो काढणार असाल तर फोन नाण्याशी समांतर ठेवा. दोन सारख्या वाट्या पालथ्या घालून त्यांवर काच, काचेवर फोन, खाली नाणं. आमच्या घरी या कामाला लागलेल्या वाट्या आता स्वयंपाकघरात परत घेत नाहीत.

प्रूफची आणखी एक खोड आहे. डाय वापरून थकली की टांकसाळीत ती पुन्हा घासून चकचकीत करत. घासताना डायची सपाट पातळी खाली जाते, म्हणजे अंकाचे चर उथळ होतात आणि नाण्यावरचे अंक सडपातळ दिसू लागतात. सडपातळ अंक म्हणजे लहान साल नव्हे. मोठ्या सालाचं नाणं अति घासलेल्या डायने पाडलं असेल तर अंक किडकिडीत असतात, पण शून्याचं पोट उभटच राहतं, आणि एक हा नऊपेक्षा खालीच. म्हणून पुन्हा सांगतो, जाडी आणि आकार सोडा, शेजार बघा.

१९६० चे संच फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतले. त्या वर्षी १६,९१,६०२ संच निघाले आणि २ डॉलर १० सेंटला एक असे टपालाने विकले गेले. नाण्यावर टांकसाळीचं अक्षर नाही. सालाखाली बारीक ‘डी’ दिसला तर ते डेन्व्हरच्या टांकसाळीचं चलनी नाणं, मूळ संचातलं नव्हे. ही शंका मी उगाच काढत नाही. काका १९६८ ला गेले, म्हणजे १९६० चे संच त्यांनी टांकसाळीकडून नव्हे, कुठल्यातरी दुकानातून किंवा दुसऱ्या संग्राहकाकडून घेतले असणार. वाटेत कोणीतरी पाकीट उघडून सेंट बदललेला असू शकतो, लहान सालाचा काढून मोठ्या सालाचा घातलेला किंवा क्वचित उलट. ही मऊ पारदर्शक पाकिटं कडेला वितळवून चिकटवलेली असतात. चारी बाजूंचा शिवणीसारखा नक्षीदार पट्टा अखंड आहे का, कुठे कात्री लागून परत चिकटवल्यासारखं आहे का, तेवढं बघा. बाहेरच्या पिवळट लिफाफ्यावर कोणी पेनाने ‘स्मॉल’ लिहिलं असेल तर ते लिहिणाऱ्याचं मत. टांकसाळीने असं काही कधी छापलेलं नाही.

आता १९७०, आणि इथे मला माझीच फजिती सांगावी लागेल. धंद्यात नवा होतो तेव्हा एका प्रदर्शनात मी ‘१९७० स्मॉल डेट’ असा लेबल लावलेला संच घेतला. विकणाऱ्याने भिंगही पुढे केलं. मला साल खरंच बारीक वाटलं. घरी येऊन चलनातल्या १९७० च्या सेंटशी ताडून बघितलं तर सरळसरळ मोठं साल. विकणारा खोटं बोलला असं मी म्हणत नाही, त्यालाही बारीकच वाटत असेल. दोघेही आकार बघत होतो. त्यानंतर मी १९७० साठी ‘लहान-मोठं’ हे शब्दच वापरायचे सोडले. अमेरिकेतले संग्राहक त्याला ‘हाय सेव्हन’ आणि ‘लो सेव्हन’ म्हणतात. नाव असावं तर असं. नावातच खूण सांगितली.

म्हणजे असं: नऊच्या डोक्यावरून शून्याच्या डोक्यापर्यंत दोरी ताणलीय अशी कल्पना करा. मधल्या सातची आडवी रेघ त्या दोरीला टेकली तर लहान साल, म्हणजे वरचा सात. सातची रेघ दोरीच्या स्पष्ट खाली राहिली तर मोठं साल, म्हणजे खालचा सात. १९६० पेक्षा हे सोपं आहे, कारण इथे दोरी बांधायला दोन्ही बाजूंना खुंट्या आहेत. नाणं कलतं असलं तरी दोरी त्याच्याबरोबर कलते, निकाल बदलत नाही. आणखी एक सहज दिसणारी खूण: लहान सालाच्या नाण्यावर डावीकडचा ‘लिबर्टी’ हा शब्द जरा बोथट, कडा विरलेला दिसतो. पण ती खूण मी चलनी नाण्यावर जास्त मानतो. प्रूफवर डाय घासल्यानेही अक्षरं विरतात.

१९७० चे संच सॅन फ्रान्सिस्कोचे, सालाखाली ‘एस’. मध्ये १९६५ ते ६७ अशी तीन वर्षं प्रूफ संच निघालेच नाहीत. १९६८ ला परत सुरू झाले तेव्हा काम फिलाडेल्फियाहून सॅन फ्रान्सिस्कोला गेलं आणि मऊ पाकिटाच्या जागी कडक प्लास्टिकची डबी आली. १९७० साली २६,३२,८१० संच विकले गेले, किंमत ५ डॉलर. हे दोन बहुधा काकांनी स्वतः मागवलेले असतील, त्यामुळे अदलाबदलीची भीती कमी. तरीही डबीच्या कडेला चाकूने उचकटल्याचे ओरखडे आहेत का बघा, कारण या डब्या उघडून परत दाबून बसवता येतात.

१९७० चा संच हातात आहेच तर दहा सेंटचं नाणं, म्हणजे डाइमही बघून घ्या. त्या वर्षी काही थोड्या प्रूफ डाइम चुकून ‘एस’ शिवायच पडल्या. टांकसाळीचं अक्षर तेव्हा प्रत्येक डायवर हाताने ठोकत, आणि एका डायवर ठोकायचं राहून गेलं. अशी डाइम निघाली तर सेंटचा विचार विसरा आणि मला दुपारी झोपेतून उठवून सांगा. निघण्याची शक्यता फार कमी आहे, पण बघायला दोन सेकंद लागतात.

हाताने ठोकण्यावरून एक फरक लक्षात घ्या, कारण तुमच्या १९७९ च्या संचाचा प्रश्न त्यातच आहे. सालाचे अंक ज्यावरून बाकीच्या डाय काढत त्या मूळ डायमध्येच असत, म्हणून सालाचा प्रकार बदलायचा तर मूळ डाय नवी करावी लागे. अक्षर मात्र शेवटच्या डायवर ठशाने ठोकत, त्यामुळे ठसा झिजला की अक्षराचा प्रकार बदले. १९७९ मध्ये सालाचे प्रकार नाहीत, ‘एस’चे आहेत. पहिल्या प्रकारात एस भरलेला, गोळा झालेला, काहीसा डागासारखा. दुसऱ्यात वरचं आणि खालचं दोन्ही वळण स्वच्छ मोकळं. दुसरा कमी सापडतो. हे संचातल्या सहाही नाण्यांवर वेगवेगळं बघावं लागतं, कारण एकाच संचात दोन्ही प्रकार मिसळलेले असू शकतात. १९८१ मध्ये पुन्हा असाच प्रकार आहे, पण तो संच तुमच्याकडे नाही, सोडून देऊ. आणि पुढेमागे कोणी १९८२ चा प्रूफ सेंट ‘स्मॉल डेट’ म्हणून गळ्यात मारायला आला तर हसून नको म्हणा. १९८२ चे लहान-मोठे प्रकार चलनी नाण्यांत आहेत. प्रूफ सगळे मोठ्या सालाचेच.

तुम्ही लिहिलंय की १९६० च्या एका नाण्यावर अंक ‘दुहेरी’ वाटतात. ते बघताना सावध राहा आणि थोडी आशाही ठेवा. आशा अशासाठी की त्या वर्षी प्रूफ सेंटमध्ये खरोखर अशा डाय होत्या. तेव्हा डाय तयार करताना तिच्यावर उठावाचा मूळ ठसा एकापेक्षा जास्त वेळा दाबावा लागे. साल बदललं त्या काळात काही डायवर एकदा लहान सालाचा आणि एकदा मोठ्या सालाचा ठसा दाबला गेला. अशा नाण्यावर एका सालाच्या अंकांवर दुसऱ्या सालाच्या अंकांच्या कडा दिसतात, आणि दोन्ही क्रमांची नाणी सापडली आहेत, लहानावर मोठं आणि मोठ्यावर लहान. ती साध्या लहान सालापेक्षा कितीतरी दुर्मीळ. सावध अशासाठी की वर सांगितलेलं आरशातलं प्रतिबिंबही दुहेरीच दिसतं. फरक ओळखायची युक्ती: नाणं हळूहळू फिरवा. प्रतिबिंब उजेडाबरोबर सरकतं, कधी या बाजूला, कधी त्या. खरी दुहेरी कड हलत नाही, अंकाच्या त्याच कोपऱ्यात, त्याच उंचीवर, गोलसर पायरीसारखी बसलेली असते. शून्याच्या पोटात दुसऱ्या शून्याची कड दिसते का हे आधी बघा. तिथे काही नसेल तर बाकीचं बहुधा चकाकीचा खेळ.

आतापर्यंतचं एकत्र करतो. १९६० ला शून्याचं पोट आणि एक-नऊची डोकी, १९७० ला सातची रेघ, १९७९ ला ‘एस’. नाणं वरून बघा, मंद उजेडात, पाकिटातच ठेवून.

पाकिटातच, हे परत सांगतो, कारण हात शिवशिवतात. तांब्याचा आरसा बोटाच्या एका ठशाने कायमचा जातो, आणि कोकणातल्या हवेत तर महिन्याभरात त्या जागी काळा ठिपका येतो. सेंट ९५ टक्के तांब्याचा आहे. चिंच, पितांबरी, पेस्ट यातलं काहीही जवळ आणू नका. पितळेच्या समईला जे करतो ते प्रूफ नाण्याला केलं की ते प्रूफ राहत नाही. पाचही संच हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या पावसाळ्यात दर महिन्याला बदला.

पैशाचं काय, हे तुम्ही संकोचून शेवटी विचारलंत. संकोच कशाला? पण याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि इथे लहान-मोठ्याचं महत्त्व लोक जरा फुगवतात असं माझं मत आहे. १९६० च्या संचातली डाइम, क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर ही तिन्ही नाणी ९० टक्के चांदीची. तिघांचं वजन २१.२५ ग्रॅम, म्हणजे संचात १९ ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी आहे. चांदीचा भाव चढला की संचाची किंमत त्याच्यामागे जाते, सालाचा आकार काहीही असो. १९७० च्या संचात चांदी फक्त हाफ डॉलरमध्ये, तीही ४० टक्के, साडेचार ग्रॅमच्या थोडी वर. ते हाफ डॉलर मात्र त्या वर्षी चलनासाठी पाडलंच नाही, फक्त संग्राहकांच्या संचांत दिलं. त्यामुळे त्याला वेगळं गिऱ्हाईक आहे.

दुसरं, प्रूफ नाण्यात खरा भाव अनेकदा ‘कॅमिओ’ला मिळतो. डाय नवी असताना पडलेल्या पहिल्या काही नाण्यांवर लिंकनचा चेहरा दुधट, दंव पडल्यासारखा आणि मागची जागा काळी आरशासारखी अशी येते. पुढे डाय झिजते आणि चेहराही चकचकीत होतो. १९६० च्या सेंटवर असा ठळक दुधट चेहरा कमी सापडतो. माझ्यासमोर साधं लहान साल आणि ठळक कॅमिओचं मोठं साल ठेवलं तर मी दुसरं उचलेन. ठिपके असतील, पाकिटाच्या आत धुकं चढलं असेल, तर दोन्हींचा भाव पडतो. नाण्याचा अस्सलपणा आणि दर्जा ठरवून देणाऱ्या ग्रेडिंग कंपनीकडे पाठवण्याचा खर्च, टपाल, कस्टमची कटकट हे सगळं धरता साध्या लहान सालाच्या एका सेंटसाठी ते परवडत नाही. दुहेरी डायचं किंवा ‘एस’ नसलेली डाइम असं काही निघालं तरच तो विचार करा.

तुम्ही विचारलंत की आपल्या मुंबई टांकसाळीच्या प्रूफ नाण्यांतही असे सालाचे प्रकार असतात का. आपल्याकडे माझी पहिली नजर सालाच्या आकारावर नाही, सालाखालच्या खुणेवर जाते. मुंबईच्या चलनी नाण्यांवर तिथे चौकोनी हिरा असतो. मुंबईत पाडलेल्या प्रूफवर हिऱ्याच्या जागी आधी ‘बी’ आणि नंतरच्या काळात ‘एम’. गांधी शताब्दीच्या नाण्यांवर तर वेगळीच गंमत: त्यांवर १८६९-१९४८ एवढंच साल आहे, ती पाडली मात्र १९६९-७० मध्ये. ‘१९४८ चं गांधींचं नाणं आहे, किती मिळतील?’ असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा येतो.

आणि साल खरं मानू नये याचा आपल्याकडचा जुना मासला म्हणजे व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया. त्यावर साल १८६२ च राहिलं आणि तो १८७४ पर्यंत पाडला गेला. मुंबईच्या रुपयांवर खरं वर्ष बारीक ठिपक्यांच्या संख्येवरून ओळखतात. माझी या छंदातली पहिली दोन वर्षं ते ठिपके मोजण्यात गेली. त्यातच, जुन्या साच्यांवरून मुंबई टांकसाळीने संग्राहकांसाठी पुन्हा पाडलेली प्रूफ नाणीही बाजारात आहेत. त्यांना ‘रिस्ट्राइक’ म्हणतात. साल जुनं, साचे जुने, पण नाणं कितीतरी नंतरचं, आणि कधी छापा एका साच्याचा तर काटा दुसऱ्याच. तुमच्या काकांच्या खोक्यात असं काही नाही, म्हणून लांबण लावत नाही.

तुम्ही जोडलेल्या फोटोंबद्दल. पहिल्या १९६० च्या संचातल्या सेंटचं शून्य मला गोल आणि आखूड पोटाचं दिसतंय, एक-नऊ एका पातळीत आहेत. फोटो वरून घेतलेला आहे, म्हणून नव्वद टक्के लहान साल म्हणतो. दुसऱ्याचा फोटो बराच तिरका आहे आणि एकच्या डोक्यावर ट्यूबलाइट चमकतेय. त्याच्यावर मी काहीच बोलणार नाही, पण लिंकनचा गाल त्यात दुधट वाटतोय. म्हणून तुमच्या दुसऱ्या व्यापाऱ्यांनी आधी याच संचाला हात घातला असेल तर मला नवल नाही. १९७० च्या दोन्ही नाण्यांवर सात खाली आहे. ती मोठ्या सालाची.

दुसऱ्या १९६० च्या सेंटचा फोटो परत काढा: वाट्या, काच, ट्यूबलाइट बंद, सकाळचा खिडकीतला उजेड. एक फोटो फक्त सालाचा आणि एक पूर्ण छाप्याचा. आणि त्याच पाकिटातली डाइम, क्वार्टर, हाफ यांचेही दोन्ही बाजूंचे पाठवा, चेहरे त्यांवरही दुधट आहेत का ते बघायचंय. तोवर तो संच कुणालाही देऊ नका, ‘बघून परत देतो’ म्हणणाऱ्यालाही.